परतायला घर कुठं होतं?

‘परतला’ या क्रियापदाशी माझं भांडण आहे. आयरिश संगीतकार जॉन किन्सेला यानं मध्येच आधुनिक पद्धत सोडून जुन्या स्वरपद्धतीच्या सिंफन्या लिहायला घेतल्या. त्याच्याबद्दल दोन जाणकार बोलायला लागले, की पाचव्या मिनिटाला हे क्रियापद येतंच. एक म्हणतो, शेवटी शहाणा झाला, सुरांकडे परतला. दुसरा म्हणतो, कच खाल्ली, मागे परतला. पहिल्याला त्यात घरी आलेला मुलगा दिसतो, दुसऱ्याला रणांगण सोडून पळालेला शिपाई. दोघं तावातावानं भांडतात आणि क्रियापद मात्र दोघांचं एकच! माझं म्हणणं साधं आहे: किन्सेला कुठंही परतला नाही. परतायचं तर त्या जागी आधी कधीतरी राहिलेलं असावं लागतं. डब्लिनमध्ये १९८४ साली टोनल सिंफनी, म्हणजे एका मुख्य स्वराला धरून चालणारी वाद्यवृंदाची लांब रचना, लिहिणं म्हणजे आजोबांच्या वाड्यात पुन्हा राहायला जाणं नव्हतं, कारण तिथं आजोबांचा वाडा नव्हताच. मोकळी जागा होती आणि पाया खणण्यापासून सुरुवात होती.

आधी माणूस कोण ते सांगतो. किन्सेलाचा जन्म १९३२चा, डब्लिनचा. १९६८मध्ये तो आरटीई या आयर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेत संगीत विभागात लागला, पुढे त्या विभागाचा प्रमुख झाला, आणि १९८८मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, खुर्ची सोडून पूर्णवेळ संगीत लिहायला बसला. साठ आणि सत्तरच्या दशकांत तो सीरियल पद्धतीनं लिहीत असे. म्हणजे सप्तकातले बाराही स्वर एका क्रमात मांडायचे, ती मालिका उलटसुलट फिरवत सगळी रचना तिच्यातून काढायची आणि कुठल्याही स्वराला पाटलासारखं मध्यावर बसू द्यायचं नाही. १९७७च्या तिसऱ्या तंतुवाद्य चौकडीनंतर तो थांबला. १९७९मध्ये आयरिश कवी पॅट्रिक पिअर्सच्या कवितेवरून ‘द वेफेअरर’ ही वाद्यवृंदाची रचना आली तेव्हा भाषा बदलली होती. १९८४मध्ये पहिली सिंफनी. २०२१मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या नावावर अकरा सिंफन्या होत्या. डब्लिनमध्ये जन्मलेल्या चार्ल्स स्टॅनफर्डनं सात लिहिल्या होत्या, आणि स्टॅनफर्डची हयात केंब्रिज-लंडनमध्ये गेली.

टोनॅलिटी म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगणं सोपं आहे, आणि पहिला धोका तिथंच आहे. तानपुरा छेडला की सा मिळतो आणि पुढचा प्रत्येक स्वर त्या साशी असलेल्या नात्यानं ओळखला जातो. असं ऐकत वाढलेला कान एटोनल, म्हणजे असा मुख्य स्वरच नसलेल्या, संगीताला बावरतो आणि चर्चा सुरू व्हायच्या आत पहिल्या पक्षात जाऊन बसतो: बघा, सा सोडला की असं होतं! किन्सेला म्हणजे जणू आपल्याच बाजूला आलेला माणूस. पण युरोपातल्या टोनॅलिटीचा सा आणि आपला सा एका जातीचे नाहीत. मूर्च्छनाभेदासारखे प्रयोग सोडले तर आपला षड्ज मैफल संपेपर्यंत जागचा हलत नाही. सगळी किमया तो अचल असण्यात आहे. तिकडचा सा चालतो. सिंफनीच्या एका भागात तो घर सोडतो, पाच सुरांवर जाऊन तात्पुरता संसार थाटतो, तिथूनही उठतो, भलत्याच मुलखात हरवतो, आणि पंधरा-वीस मिनिटांनी मूळ ठिकाणी पोचला की ऐकणाऱ्याला आपण अंतर कापल्याचं अंगात जाणवतं. हे अंतर म्हणजेच सिंफनी. वाद्यांची संख्या, आवाजाचा घणाघात, चार भागांची मांडणी या गोष्टी नंतरच्या. तेव्हा किन्सेलानं टोनॅलिटी घेतली ती अचल सा मिळावा म्हणून नाही, चालणारा सा मिळावा म्हणून घेतली. घरी बसायचं असतं तर त्यानं सिंफनी कशाला लिहिली असती?

आता ‘मागे’ आणि ‘पुढे’ या दिशांकडे येतो, कारण सगळा घोळ त्यांनीच घातला आहे. व्हिएन्नात या दिशांना अर्थ होता. हायडन, मोत्सार्ट, बेटोफन, शूबर्ट, ब्राम्स, ब्रुकनर, मालर अशी दीडशे वर्षं टोनल सिंफनी त्या गावात रोज उठून पाणी भरत होती. त्या ओझ्याखाली दबलेल्या शोएनबर्गनं, बारा स्वरांच्या मालिकेची पद्धत काढणाऱ्यानं, ते झुगारलं. त्या झुगारण्याला वजन आहे ते झुगारलेल्या गोष्टीचं. डब्लिनचं काय? रेडिओच्या वाद्यवृंदाला पूर्ण सिंफनी वाद्यवृंदाचा आकार आला १९४८मध्ये. त्याला हक्काचं सभागृह, नॅशनल कॉन्सर्ट हॉल, मिळालं ९ सप्टेंबर १९८१ला. व्हिएन्नाचं म्युझिकफेराइन १८७०चं आहे. म्हणजे किन्सेलाची पहिली सिंफनी आली तेव्हा त्याच्या गावात सिंफनीला स्वतःचं छप्पर मिळून जेमतेम तीन वर्षं झाली होती. आणि सीरियल संगीत? ते त्याआधीच येऊन बसलं होतं. शॉन ओ रिआडा या आयरिश संगीतकारानं १९५७मध्येच जोस्कँ या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या संगीतकाराच्या एका विषयावर बारा स्वरांच्या मालिकेचं तंत्र चालवून तंतुवाद्यांसाठी रचना केली होती. साठच्या दशकाच्या सुरुवातीला शोर्शा बॉडली हा दुसरा आयरिश संगीतकार जर्मनीत डार्मश्टाटला भरणाऱ्या नव्या संगीताच्या उन्हाळी वर्गांना जाऊन आला होता. १९६९पासून डब्लिनमध्ये विसाव्या शतकातल्या संगीताचा महोत्सव भरत होता. ज्या गावात बंड आधी पोचलं आणि ज्याच्याविरुद्ध बंड करायचं ते नंतर, तिथं बंडखोर कोण आणि सनातनी कोण हे व्हिएन्नाच्या पंचांगावरून ठरवणार?

इथं कुणी म्हणेल, आयर्लंड अगदीच कोरं नव्हतं. मान्य. स्टॅनफर्डनं १८८७मध्ये ‘आयरिश’ सिंफनी लिहिली आणि ती इतकी गाजली की १९११मध्ये खुद्द मालरनं ती न्यूयॉर्कमध्ये वाजवली. पण ती इंग्लंडमध्ये, इंग्लंडच्या संस्थांसाठी घडली. आयना बॉयलनं विकलो परगण्यात राहून तीन सिंफन्या लिहिल्या. तिचं बहुतेक मोठं संगीत तिच्या हयातीत कपाटातच राहिलं. ई. जे. मोरननं आपल्या सिंफनीचा काही भाग आयर्लंडमधल्या केरीत लिहिला, पण जन्मानं आणि तालमीनं तो इंग्लंडचा. ब्रायन बॉयडेलनं १९४८मध्ये महात्मा गांधींच्या स्मरणार्थ वाद्यवृंदासाठी शोकरचना लिहिली. गांधींच्या हत्येच्या वर्षीच डब्लिनमध्ये कुणी हे लिहिलं होतं, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या गावी नाही. म्हणजे तुरळक घरं होती, पण वस्ती नव्हती. एका पिढीनं लिहावं, दुसरीनं ते वाजताना ऐकून त्याच्याशी भांडावं, तिसरीनं दोघांना नाकारावं, या साखळीला परंपरा म्हणतात. कपाटातल्या संहितेशी भांडता येत नाही, तिच्याकडे परतता तर त्याहून येत नाही. रेमंड डीन या आयरिश संगीतकारानं १९९५मध्ये आपल्या देशातल्या अभिजात संगीतकारांच्या स्थितीवर लिहिलेल्या निबंधाला ‘अस्तित्वात नसण्याचा मान’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं. त्यात कडवटपणा आहे, पण तक्रार खोटी नाही.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा अडोर्नो या जर्मन तत्त्वज्ञ-समीक्षकाचा आहे, आणि तो हसण्यावारी नेणारे लोक तो वाचत नाहीत एवढंच मी म्हणेन. अडोर्नो म्हणतो, सूर ही कालातीत सामग्री नसते; तिला इतिहास चिकटलेला असतो. बेटोफनच्या हातात ज्या स्वरसंगतीनं अंगावर काटा यायचा, तीच शंभर वर्षांनी दिवाणखान्यातल्या पियानोवर गुळगुळीत झालेली असते. ती पुन्हा वापरणाऱ्याला वाटतं आपण भावना व्यक्त करतोय. प्रत्यक्षात तो झिजलेलं नाणं चालवत असतो. यातलं बरंचसं खरं आहे. १९७५नंतर जे नव-रोमँटिक संगीत ढिगानं लिहिलं गेलं, त्यातलं पुष्कळ असं आहे की डोळे मिटले तर पडद्यावर हेलिकॉप्टरमधून टिपलेली दरी दिसावी. पोलिश संगीतकार गोरेत्स्कीची १९७६ची तिसरी सिंफनी १९९२च्या ध्वनिमुद्रणानंतर दहा लाखांहून जास्त खपली. त्या रचनेला मी कमी लेखत नाही, पण तिच्या मागून संथ, गोड आणि दुःखी संगीताचं जे दुकान उघडलं ते अडोर्नोनं बघितलं असतं तर ‘सांगत नव्हतो?’ म्हणाला असता.

पण याच तर्कानं अडोर्नोनं १९३८मध्ये फिनलंडच्या सिबेलियस या सिंफनीकाराला निकालात काढलं होतं, आणि १९५५मध्ये सिबेलियसच्या नव्वदीला रने लीबोविट्झ या बारा स्वरवाल्या संगीतकारानं त्याला जगातला सर्वांत वाईट संगीतकार ठरवणारी पुस्तिका काढली. (नव्वदीच्या वाढदिवसाला!) दोघांनीही सिबेलियसच्या स्वरसंगती ऐकल्या आणि म्हटलं, जुन्या आहेत. त्या जुन्या होत्याच. नवीन होतं ते काळाचं वळण: एका क्षुल्लक आकृतीपासून सुरू होऊन विषय हळूहळू जमत जाणं, संथ आणि जलद अशा दोन गती एकमेकींच्या पोटात चालणं, १९२४च्या सातव्या सिंफनीत सगळा प्रवास एकाच अखंड भागात बसवणं. मग एके दिवशी डार्मश्टाटमध्येच, जिथं सिबेलियसचं नाव काढणं म्हणजे सोवळ्यात चप्पल घालून जाणं, मॉर्टन फेल्डमन हा अमेरिकन संगीतकार व्याख्यानाला उभा राहिला आणि म्हणाला, ज्यांना तुम्ही क्रांतिकारक समजता ते कदाचित रूढीप्रिय असतील आणि ज्यांना रूढीप्रिय समजता ते कदाचित क्रांतिकारक. आणि सिबेलियसच्या पाचव्या सिंफनीतली धून गुणगुणू लागला. साल १९८४. किन्सेलाच्या पहिल्या सिंफनीचंही तेच. या योगायोगातून मी काही सिद्ध करत नाही, पण किन्सेलाचं दैवत सिबेलियस होतं हे लक्षात घेतलं, तर अडोर्नोची फूटपट्टी एकदा जिथं चुकली नेमकी तिथंच पुन्हा लावली जातेय, एवढं तरी दिसतं. झिजलेलं नाणं हा आरोप स्वरांवर करता येतो. काळाच्या रचनेवर तो करायचा असेल तर ती रचना तपासावी लागते, आणि त्यासाठी अर्धा तास बसून ऐकावं लागतं. शिक्का मारायला तीस सेकंद पुरतात.

किन्सेलाच्या बाजूनं बोलणारेही काही कमी घोटाळा करत नाहीत. त्यांचा आवडता मुद्दा निसर्गाचा. टोनॅलिटी निसर्गातच आहे, तारेच्या कंपनात सप्तक आणि पंचम आपोआप येतात, तेव्हा एटोनल संगीत म्हणजे निसर्गद्रोह. यात तथ्य आहे: तार छेडली की वरचा सा, मग पंचम, मग पुन्हा सा, मग गंधार असे सूक्ष्म ध्वनी खरोखरच उमटतात, तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार आपण कानांनी ऐकलेला आहे. पण त्या कंपनात कोमल गंधाराचा त्रिस्वर असा समोर मिळत नाही, आणि त्याच्यावर युरोपातलं अर्धं दुःख उभं आहे. शिवाय पियानोवरचा पंचम निसर्गातल्या पंचमापेक्षा किंचित उतरलेला असतो, तो मुद्दाम तसा जुळवलेला आहे, कारण त्याशिवाय चालणारा सा बाराही ठिकाणी मुक्काम करू शकत नाही. म्हणजे ज्या व्यवस्थेला निसर्ग म्हणून पुढे केलं जातं ती निसर्गाला थोडं वाकवूनच तयार झाली आहे. आणि स्वरसंगतीची ती व्यवस्था निसर्गदत्त असेल तर आपल्याकडे एवढी शतकं ती कुणाच्या ध्यानात कशी आली नाही? आपण काय निसर्गाबाहेर राहत होतो? हा मुद्दा एखादा मराठी श्रोता किन्सेलाच्या कौतुकात मांडतो तेव्हा तो स्वतःच्याच तंबोऱ्याला अनैसर्गिक ठरवत असतो.

दुसरा मुद्दा श्रोत्यांचा. किन्सेला लोकांकडे आला, असं म्हणतात. बोलायला छान आहे. पण लोकांकडे जायचा रस्ता आयर्लंडमध्ये चांगला मळलेला होता आणि तो सिंफनीच्या बाजूनं जात नव्हता. १९५९च्या ‘मिशा एरा’ या माहितीपटासाठी ओ रिआडानं लोकधुनांना वाद्यवृंदाचा साज चढवला आणि तो घराघरांत पोचला. १९८०मध्ये शॉन डेव्हीनं ऑर्केस्ट्रापुढे इलन पाइप्स हे आयरिश लोकवाद्य ठेवलं, तेही लोकांनी उचलून धरलं. ३० एप्रिल १९९४ला डब्लिनच्या युरोव्हिजन स्पर्धेच्या मध्यंतरात बिल व्हीलनच्या संगीतावर सात मिनिटं ‘रिव्हरडान्स’ झाला आणि सगळं जग आयर्लंडच्या तालावर पाय आपटू लागलं. याच वर्षांच्या आगेमागे किन्सेला काय करत होता? १९९०मध्ये तिसरी सिंफनी, १९९१मध्ये चौथी, १९९२मध्ये पाचवी, १९९३मध्ये सहावी. लोकप्रिय व्हायला निघालेला माणूस असा रस्ता धरतो? मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली नवी सिंफनी बहुधा एकदाच वाजते, परीक्षण छापून येतं, आणि संहिता संग्रहालयात जाते. गर्दीचा एवढा सोस असता तर त्याला साधी बेरीज-वजाबाकी येत नव्हती असं म्हणावं लागेल. आणि आरटीईच्या संगीत विभागात वीस वर्षं काढलेल्या माणसाला काय वाजतं आणि किती जण ऐकतात याचा हिशेब येत नव्हता, हे मला पटत नाही.

मग त्याला टोनॅलिटी हवी कशाला होती? माझं उत्तर कारागिराचं आहे. बारा स्वर समान हक्कानं वावरतात तिथं जवळ-दूर उरत नाही. प्रत्येक क्षण तीव्र असू शकतो, सुंदर असू शकतो, पण तो कुठून किती लांब आहे हे कानाला कळत नाही. शोएनबर्गचा शिष्य वेबर्ननं हे ओळखलं होतं. त्याची १९२८ची सिंफनी दहा मिनिटांच्या आसपास संपते, आणि ती हिऱ्यासारखी आहे ती त्यामुळेच. चौकडीत हे चालून जातं, कारण चार वाद्यांच्या संभाषणात अंतरापेक्षा जवळीक महत्त्वाची. चाळीस मिनिटांचा पल्ला मारायचा तर मैलाचे दगड लागतात.

यावर हमखास येणारा प्रतिवाद असा की पोलिश संगीतकार लुटोस्लाव्स्कीची १९८३ची तिसरी सिंफनी टोनल नाही आणि तिचा पल्ला मात्र कुणालाही हेवा वाटावा असा आहे. बरोबर. हा प्रतिवाद मला बराच काळ अडवून बसला होता. पण ती सिंफनी सुरू कशी होते? ई या एकाच स्वराचे ठोके, दार वाजवल्यासारखे. ते ठोके रचनेत पुन्हा पुन्हा येतात आणि शेवटही तेच करतात. लुटोस्लाव्स्कीला जुन्या स्वरसंगती नको होत्या, पण खुंटा त्यालाही लागला. तेव्हा प्रश्न टोनल की एटोनल असा मुळात नाहीच. लांबच्या प्रवासात कशापासून लांब हे कळायला काहीतरी स्थिर लागतं, आणि ते कशाचं करायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. लुटोस्लाव्स्कीनं एका स्वरावर भागवलं, किन्सेलानं स्वरकेंद्रांची जुनी पद्धत घेतली. शोएनबर्गचाच दुसरा शिष्य बेर्ग, त्यानं तर १९३५च्या व्हायोलिन कॉन्चेर्तोत बारा स्वरांची मालिकाच साध्या त्रिस्वरांची बांधली आणि शेवटाकडे बाखचं भजन तिच्यातून उगवल्यासारखं आणलं. दोन छावण्या, मधे तारेचं कुंपण, हे चित्र संगीत लिहिणाऱ्यांनी कधी फारसं मानलंच नव्हतं. संगीतावर लिहिणाऱ्यांनी मानलं. किन्सेलाच्या सिंफन्यांमध्येही मालिकेच्या वर्षांची सवय ऐकू येते: इवलीशी आकृती घ्यायची, वाया काही घालवायचं नाही, तिच्यातूनच सगळं पिळून काढायचं. लयीचा रेटा, खाली सतत चालणारं एखादं आवर्तन आणि वर ब्रासचं हळूहळू जमणारं आभाळ. हे पाघळणाऱ्या माणसाचं संगीत नाही.

सगळंच पटतं असं मात्र नाही. सिबेलियसची सावली काही जागी इतकी दाट पडते की झाडाखाली गवत उगवू नये. आणि पाचवी सिंफनी, १९१६च्या उठावातल्या कवींची, हा माझ्यापुरता अडचणीचा विषय आहे. पिअर्स, मॅकडॉना आणि प्लंकेट, तिघांनाही त्या वर्षीच्या मे महिन्यात ब्रिटिशांनी गोळ्या घातल्या. त्यांच्या कवितांसाठी बॅरिटोन, निवेदक आणि पूर्ण वाद्यवृंद एकत्र आले की संगीत स्मारकासारखं ताठ होतं, आणि टोनॅलिटीवरचा एक जुना आक्षेप इथं खरा ठरायला लागतो: तिला राष्ट्रगीताकडे झुकायची खोड आहे. विजयाचा सूर लावायला, माना ताठ करायला ती फार सोयीची पडते. हे मी नाकारत नाही. पण ही खोड फक्त तिची का? शोएनबर्गनं १९४७मध्ये वॉर्साच्या ज्यूंवर लिहिलेली रचना बारा स्वरांच्या मालिकेतली आहे; तिथंही निवेदक आहे, आणि शेवटी पुरुषांचा कोरस हिब्रू प्रार्थना म्हणत उसळतो तेव्हा तीही तेवढीच स्मारकासारखी उभी राहते. ताठपणा येतो तो विषयापुढे नम्र झालेल्या संगीतातून. त्याचं बिल सामग्रीच्या नावे फाडू नये.

शोएनबर्गचं नाव निघालंच आहे तर हेही सांगायला हवं की १९३९मध्ये त्यानं आपली अर्धवट राहिलेली दुसरी चेंबर सिंफनी उघड टोनल भाषेत पुरी केली, १९४३मध्ये बँडसाठी जी मायनरमध्ये बदलत्या आवृत्त्यांची रचना लिहिली, आणि १९४८च्या एका छोट्या लेखात जुन्या शैलीची ओढ आपल्यात कायम जोरदार होती अशी कबुलीही दिली. त्याला कुणी पळपुटा म्हणत नाही. उलट दिशेनं बघा: स्ट्राव्हिन्स्की सत्तरीच्या घरात सीरियल पद्धतीकडे वळला, १९५७पर्यंत ‘अगॉन’ लिहून मोकळा झाला, आणि त्याचं कौतुक झालं ते म्हातारपणीही वाढत राहणारा कलावंत म्हणून. म्हणजे पिकल्या वयात भाषा बदलणं ही एकच कृती. या बाजूनं त्या बाजूला गेलं तर वाढ आणि त्या बाजूनं या बाजूला आलं तर खच्चीकरण? १९५२मध्ये फ्रेंच संगीतकार बुलेझनं जाहीर केलं होतं की बारा स्वरांच्या भाषेची गरज ज्याला जाणवली नाही असा संगीतकार निरुपयोगी आहे. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, त्या वयात माणूस असं बोलतो. त्यानंतर सत्तर वर्षं ते वाक्य होकायंत्र म्हणून वापरणाऱ्यांचं मात्र आश्चर्य वाटतं.

शिवाय तो होकायंत्राचा काटा गावागणिक फिरतो. एस्टोनियात अर्वो पार्टनं १९६०मध्ये देशातली पहिली सीरियल रचना केली तेव्हा सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्याला झापलं. १९६८मध्ये त्यानं ‘क्रेडो’त बाखचा सी मेजरमधला प्रेल्यूड, शाळकरी मुलं पियानोवर वाजवतात तो, सरळ उचलून ठेवला आणि त्या रचनेवर अघोषित बंदी आली. बंदी ख्रिस्तावरच्या श्रद्धेच्या शब्दांमुळे आली, सी मेजरमुळे नाही, हे खरं. पण त्या सभागृहात बसलेल्यांना सी मेजर सुरक्षित, सरकारमान्य, मागे नेणारा वाटला असेल का? एस्टोनियाच्या तालिनमध्ये जे धाडस होतं ते डार्मश्टाटमध्ये शरणागती ठरतं आणि डब्लिनमध्ये यांपैकी काहीच नाही. तिथं किन्सेलाला तुरुंगात टाकायला कुणी नव्हतं आणि वाळीत टाकायला पुरेशी मोठी जातही नव्हती.

संस्थेचा मुद्दा राहिला. कुजबुजीत तो नेहमी येतो, उघड क्वचितच. देशातला मुख्य सिंफनी वाद्यवृंद ज्या संस्थेचा, तिच्याच संगीत विभागात इतकी वर्षं काढलेला माणूस सिंफन्या लिहितो आणि त्या वाजतात; बाहेरच्यानं लिहिल्या असत्या तर? प्रश्न रास्त आहे. वाद्यवृंदाच्या तालमी जवळून ऐकून जे कळतं ते इतरांना मिळालं नाही, आणि एकाच संस्थेच्या हातात सगळ्या किल्ल्या असणं कुठल्याही देशाच्या संगीताला बरं नव्हे. २०२२मध्ये तो वाद्यवृंद आरटीईकडून नॅशनल कॉन्सर्ट हॉलकडे गेला, तो बदल व्हायला उशीरच झाला असं मला वाटतं. पण ही तक्रार वाटपाची आहे. बॉयलला जे मिळालं नाही ते तिलाही मिळायला हवं होतं, असा तिचा अर्थ. किन्सेलानं कोणत्या स्वरकेंद्रावर थांबावं याच्याशी तिचा संबंध नाही. आणि शेवटच्या वर्षांत, पूर्ण ताफा मिळू शकत असताना, तो काय करतो? २००४ची नववी सिंफनी फक्त तंतुवाद्यांसाठी, दहावी छोट्या चेंबर वाद्यवृंदासाठी. ज्यांना कुठून सुरुवात करावी असा प्रश्न असेल त्यांनी तिसरी आणि चौथी ऐकावी, दोन्ही एकाच तबकडीवर आहेत. पण मला विचाराल तर दहावी आधी. तिथं सिबेलियसपेक्षा हायडनचा वारा जास्त लागतो.

आयर्लंडमध्ये परतणं म्हणजे काय याचं खरं उदाहरण हवं असेल तर ते ओ रिआडाचं आहे. तो युरोपीय पद्धतीच्या रचनेपासून दूर होत गेला, लोकवादकांचा संच उभारला, कॉर्कच्या पश्चिमेला कूल ए या आयरिश बोलणाऱ्या गावात बिऱ्हाड नेलं, तिथल्या चर्चच्या गायकांसाठी लिहिलं आणि १९७१मध्ये चाळिसाव्या वर्षी गेला. त्याच्याकडे परतायला काहीतरी होतं: भाषा, पाइप्स, गाणारी माणसं. त्याच्या मृत्यूवर कवी थॉमस किन्सेलानं ‘अ सिलेक्टेड लाइफ’ ही कविता लिहिली. थॉमस हा जॉनचा थोरला भाऊ. दोघं भाऊ गेलेही २०२१च्याच नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, काही आठवड्यांच्या अंतरानं. १९७३मध्ये जॉननं त्या कवितेला संगीत दिलं, आपल्या सीरियल काळात, त्याच भाषेत. म्हणजे परत गेलेल्या माणसाचा शोक परत न गेलेल्या माणसानं, तेव्हा त्याला येत असलेल्या सगळ्यात आधुनिक भाषेत केला. चार वर्षांनी ती भाषा त्याला पुरेना. कूल एचा रस्ता त्याला ठाऊक होता, त्या रस्त्यावरचा विलापसुद्धा त्यानंच लिहिला होता. तो डब्लिनमध्येच राहिला, सकाळी कचेरीला जात राहिला, आणि त्यानं सिंफनीच्या पहिल्या पानावर वाद्यांची नावं मांडायला घेतली.